शाहूपुरीत स्कॉटलंडचा सूर्य

न्हाय हो, शुगर न्हाय मला! कितीदा सांगू? बीपी न्हाय, थायरॉईड न्हाय, धंद्यात खोट न्हाय, भावकीत वाद न्हाय... आणि जो येतोय त्यो दुकानाच्या पायरीवरनंच, "काय जिनूशेठ, लई उतरलासा की! तपासून घेतलंसा न्हवं?" तपासलं! रक्त तपासलं, लघवी तपासली, त्या मशीनवर पळवून पळवून छाती तपासली, आणि सगळं झाल्यावर डॉक्टर चष्मा काढून म्हणतोय, "शेठ, आजार काय बी न्हाय तुम्हाला, तुम्ही जेवत न्हाय एवढंच." आता जेवत न्हाय म्हंजे? मिळत न्हवतं हो जेवाय, सगळा हिवाळा! बसा पावणं, बसा, तुमची मोटार कुठं पळून जात न्हाय, पाईप बी देतो, आधी माझं ऐका. तुम्हाला सांगतो, पोरगं शिकाय गेलंय परदेशात, आणि अॅडजस्ट कोण करतंय? मी!

आमचा अरिहंत हो. हितंच इंजिनियर झाला, आणि एक दिवस म्हणाला, "अप्पा, मला समुद्रातल्या पवनचक्क्या शिकायच्यात." मी म्हटलं, बाळा, आपलं दुकान पंपांचं, आपण विहिरीतलं पाणी उसाला पाजणारी माणसं, समुद्रात पवनचक्की उभी करून कुणाच्या शेताला पाणी देणार हायस? म्हणाला, "स्कॉटलंडला शिकवतात." आणि मला बी काय अवदसा आठवली बघा, मीच छाती फुगवून सगळ्या शाहूपुरीला सांगत सुटलो, पोरगं स्कॉटलंडला चाललंय, पोरगं स्कॉटलंडला चाललंय! आमची मंडळी, त्रिशला, तिचं मात्र तोंड एवढंसं. ती म्हणाली, "जाऊ दे, पण माझी एक अट."

आता आमचं घर तुम्हाला म्हाईत हाय. जैनाचं घर, सूर्य मावळायच्या आत जेवण आटपतं. मावळायच्या पाऊण तास आधीच ताट उचलायचं, सकाळी बी उगवल्यावर पाऊण तासानंच तोंडात काय घालायचं, रात्रीला पाणी तेवढं चालतंय. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, ह्या घरात रात्रीची फोडणी मी ऐकलेली न्हाय. तर त्रिशलानं काय केलं, पोराला बस्तीत, म्हंजे आमच्या देवळात नेलं, देवापुढं उभं केलं, हातात नारळ दिला आणि वदवून घेतलं, "जिथं जाईन तिथं सूर्य मावळल्यावर घास घेणार न्हाय." आणि वर सांगितलं, "ज्या दिवशी मोडशील त्या दिवशी परतीचं विमान. डिग्री ऱ्हायली तर ऱ्हायली." आणि तुम्हाला म्हणून सांगतो, ही बाई बोलली म्हंजे बोलली, तिचा शब्द माघारी घेतलेला मी बघितला न्हाय. पोरगं म्हणालं, "व्हय आई, त्यात काय अवघड हाय?"

अवघड न्हवतंच की! सप्टेंबरात गेलं पोरगं, तवा तिकडं सूर्य कवा मावळायचा म्हाईत हाय? साडेसातला! आपल्यापेक्षा उशिरा! त्रिशला एवढी खूश, एवढी खूश, शेजारणीला सांगायची, "देश चांगला हाय वो, सूर्य बी निवांत मावळतोय." आणि मग लागला की त्यो सूर्य घसरायला! रोज थोडा, रोज थोडा, पोरगं फोन करायचं, "आई, आज साडेसहा... आई, आज सहा..." आणि त्यात त्या सरकारनं एका रविवारी काय करावं? सगळ्या देशाचं घड्याळच एक तास मागं घेतलं! हे असं असतंय व्हय कुठं? आपल्याकडं कुणी घड्याळ मागं घेतलं तर भाजीमंडईत दंगल होईल. तिकडं कोणी हूं की चूं केलं न्हाय, आणि सूर्य आला साडेचारवर.

डिसेंबरात तर इचारू नका. उगवणार पावणेनवाला, मावळणार साडेतीनला! ह्याला सूर्य म्हणायचं? आमच्या कोपऱ्यावरच्या बँकेतला कॅशियर ह्याच्यापेक्षा जास्त वेळ जाग्यावर सापडतो! आणि पोराचं प्रॅक्टिकल दहा ते तीन. लॅबमध्ये खायला बंदी. सकाळी उगवतीनंतर पाऊण तास धरला की साडेनऊ, अर्ध्या तासात कोंबायचं आणि पळायचं, तीनला बाहेर यायचं तर ताट उचलायची वेळ कवाच निघून गेलेली. संध्याकाळी पाच-सहाला तिकडची सगळी पोरं जेवायला बाहेर, "अॅरी, कम, कम!" अरिहंतचं अॅरी केलंय त्यांनी. हा जातो, बसतो, आणि पाणी पितो. कोण इचारतंय आजारी हायस काय, कोण इचारतंय पैसे न्हाईत काय... एक पोरगी म्हणे हळूच त्याच्यापुढं फ्रेंच फ्राईज सारायची. बटाटा! जैनाला जमिनीखालचं चालत न्हाय, आणि वर सूर्य मावळलेला, म्हंजे दोन्हीकडनं बंद.

तरी पोरानं स्वयंपाक करायचा प्रयत्न केला हां. आठ पोरांत मिळून एक किचन. ह्यानं मोहरी तडतडवली, हिंग टाकला, आणि छतावरचा भोंगा लागला बोंबलायला! आगीचा भोंगा हो! सगळी बिल्डिंग रिकामी, पोरं-पोरी झोपायच्या कपड्यांवर बाहेर बर्फात उभी, बंब आला, आणि त्यो बंबवाला आत जाऊन बघून आला आणि म्हणाला, "व्हॉट इज दिस?" आमच्या बाळानं सांगितलं, "डाळ." त्या दिवसापासनं हा कच्चं खातोय. आणि वर फोनवर सांगतोय, "आई, प्रोफेसरला हिकडं नावानं हाक मारतात. मला जीभच उचलत न्हाय." अरं, जीभ कशी उचलंल, पोटात काय असलं तर उचलंल न्हवं!

तर हे असलं फोनवर ऐकायचं आणि त्रिशलानं डोळ्याला पदर लावायचा. एक दिवस संध्याकाळी, पाच वाजले असतील, मी आपला दुकानातनं घरी आलोय, हातपाय धुतलेत, ताट पुढं आलंय, भाकरी, वांग्याचं भरीत, ताजं लोणी... मी पहिला घास मोडला, आणि ही समोर उभी. म्हणाली, "पोरगं तिकडं उपाशी, आणि आपण पाचला ताटावर बसायचं? घास उतरतोय तुमच्या घशाखाली?" आता खरं सांगायचं तर उतरत होता. चांगला उतरत होता! पण असं म्हणता येतंय काय? मी म्हटलं, "न्हाय गं, कसला उतरतोय." झालं! ह्या एका वाक्यात माझं वाटोळं झालं! म्हणाली, "मग ठरलं. आजपासनं आपण बी त्याच्याच सूर्यावर जेवायचं."

मी म्हटलं, अगं, त्याचा सूर्य स्कॉटलंडात, आपण शाहूपुरीत! म्हणाली, "घड्याळ हाय की. तिकडच्या घड्याळात साडेतीनला मावळतोय, आपल्या घड्याळात बी साडेतीनला मावळला असं धरायचं." मग मी डोकं चालवलं. मी म्हटलं, त्रिशला, हिशेब चुकतोय तुझा, तिकडं दुपारचे अडीच वाजतात तवा हितं रात्रीचे आठ वाजलेले असतात. खरंच पोराबरोबर जेवायचं झालं तर आपण रात्री आठला जेवाय पायजे! तिनं माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं, जसं काय मी दुकान विकून तमाशाचा फड काढतो म्हणालो. "रात्री? ह्या घरात?" मी म्हटलं, "न्हाय न्हाय, राहू दे, साडेतीन चांगलं हाय."

आणि पोराला हे सांगायचं न्हाय बरं का! "त्याच्या जीवाला घोर नको." म्हंजे उपाशी बी ऱ्हायचं आणि शहीद बी व्हायचं न्हाय. हे बघा, पोरगं शिकाय गेलंय परदेशात, आणि अॅडजस्ट करतोय मी!

आता सकाळपासनं बघा माझी दशा. मी पाचला उठणारा माणूस. पन्नास वर्षं सात-साडेसातला चहा पितोय. आता तिकडं सूर्यच पावणेनवाला उगवणार, त्यावर पाऊण तास, म्हंजे चहा साडेनऊला! साडेनऊपर्यंत मी दुकानात नुसता गिऱ्हाइकांवर खेकसतोय. एक मुरगूडचा पावणा बिचारा विहिरीतल्या पाईपाचा फूटव्हॉल्व्ह मागाय आला, त्याला मी म्हटलं, "विहीर कुणी खोदाय सांगितलीती तुला?" गेला त्यो. दुसऱ्या दुकानात गेला. साडेनऊला चहा, साडेअकराला जेवण, आणि अडीचला रात्रीचं जेवण! अडीचला म्हंजे आधीचं अजून खाली गेलेलं न्हाय, वर दुसरं आलं. आणि मग अडीचपासनं दुसऱ्या दिवशी साडेनऊपर्यंत... मोजू नका, मला रडाय येईल.

आमची धाकटी, ऐश्वर्या, तिची मजा. कॉलेजातनं यायची, सांगायची, "आई, मी कॅन्टीनला खाल्लं बाराला, माझं भरलंय." हिनं काय खाल्लं, कवा खाल्लं, कोण बघाय गेलंय? आणि मी? मला पळवाट होती की, आमच्या गल्लीच्या तोंडावर तानाबाईची भज्यांची गाडी. एकदा साडेचारला गेलो हळूच. आता साडेचारला आपल्या कोल्हापुरात ऊन मी म्हणतंय, डोक्यावर टोपी घालावी लागतीया, म्हंजे पाप तर न्हायच! मी म्हटलं, "तानाबाई, एक प्लेट मूगभजी." तानाबाईनं झारा कढईवर आडवा धरला आणि म्हणाली, "वैनी सांगून गेल्यात. शेठचा सूर्य मावळलाय, काय द्यायचं न्हाय." अहो, भर उन्हात! गाडीवरची चार माणसं वर सूर्याकडं बघाय लागली आणि मग माझ्याकडं! मला वाटलं भुईनं पोटात घ्यावं.

आणि मुरगूडचं लग्न! आमच्या एका सोयऱ्याच्या पोरीचं लग्न होतं, मुहूर्त बाराचा, लागला दीडला, मग आहेर, मग फोटो, मग त्या ड्रोनवाल्याची बॅटरी संपली, आणि पंगत बसली अडीचला जरा कमी असताना. मी बघून घेतलं, धावत जाऊन पहिल्या पंगतीत जागा धरली. वाढपी आला, मीठ आलं, चटणी आली, कोशिंबीर आली, मोतीचूरचे लाडू आले, मसालेभात यायला लागला, वाफा निघतायत, तुपाची धार... आणि माझ्या शेजारी त्रिशलाच्या पिशवीतनं घंटा वाजाय लागली! टण टण टण टण! तिनं मोबाईलमध्ये कसलं तरी ॲप घातलंय, स्कॉटलंडच्या मावळतीची वेळ आपल्या घड्याळाला लावून, पाऊण तास आधी त्यातनं घंटा वाजते. अख्खी पंगत थांबली. भटजी बिचारा म्हणाला, "आता कसला मुहूर्त हाय?" त्रिशला शांतपणे उठली, माझ्या ताटाला हात जोडले आणि म्हणाली, "उठा. मावळला." दोनशे माणसांत मी लाडवाकडं बघत उठलो, पावणं. यजमान पाया पडाय लागला, "शेठ, काय चुकलं आमचं?" आता त्याला काय सांगू? की बाबा, तुझं काय चुकलं न्हाय, पृथ्वी तिरकी हाय!

आमचा चुलतभाऊ दादासो, त्यो तिथंच पुढच्या पंगतीत बसून तिसरा लाडू हाणत होता. ह्याला सगळ्यातलं सगळं कळतंय. सोयरिकीत हा, पंचांगात हा, जमिनीच्या मोजणीत हा. मला उठताना बघून म्हणतोय, "काय रे जिनू, पोट बिघडलंय व्हय?" मी म्हटलं, व्हय. काय सांगणार!

बरं, असं करत करत थंडी सरली. दिवस जरा जरा वाढाय लागला, आमची ताट उचलायची वेळ साडेतीनला आली, चारला आली, मला वाटाय लागलं, निभावलं बघ आता. तवा तिकडं रमजान सुरू झाला. आता तुम्ही म्हणाल, रमजानचा आणि तुमचा काय संबंध? हाय! पोराच्या खोलीशेजारी एक मलेशियाचं पोरगं हाय, फैजल म्हणून. गोड पोरगं हो, फोनवर आम्हाला "नमस्ते आंटी" म्हणतंय. त्याचे रोजे. दिवसभर पाणी न्हाय, सूर्य मावळला की खायचं. आणि आमचं? सूर्य मावळायच्या आत खायचं! दोघं एकाच खिडकीत उभी, एक म्हणतंय लवकर जा, एक म्हणतंय थांब रे जरा. त्रिशलाला तर फैजलचं एवढं कौतुक, एवढं कौतुक, बस्तीतल्या बायकांना सांगायची, "परदेशात जाऊन पोरगं किती कडक पाळतंय बघा. थेंबभर पाणी घेत न्हाय सूर्य जायच्या आधी. त्याच्या आईचे संस्कार म्हणायचे."

आणि एका सकाळी अरिहंतनं घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. किचनचं टेबल, फैजल हात वर करून काहीतरी म्हणतोय, मग खजूर तोंडात घातला, सगळी हसतायत, मिठ्या मारतायत. छान! मी बी म्हटलं छान. त्रिशलानं एकदा बघितला, दोनदा बघितला, तिसऱ्यांदा बघताना थांबली. मग हळू आवाजात... तिनं आवाज चढवला तर मी भीत न्हाय, हळू बोलली की मी दार शोधतो... म्हणाली, "फैजल सूर्य मावळल्याशिवाय खात न्हाय." मी म्हटलं, व्हय. "तो खातोय." व्हय. "म्हंजे सूर्य मावळलाय." मी म्हटलं, असणार. "मग त्याच्या शेजारी बसून ताटात हात घालून कोण खातंय?"

मी बघितलं. आमचं रत्न! तोंडात घास, गालाला भात!

पावणं, माझ्या डोक्यात काय झालं असंल सांगा बघू. तीन महिने! तीन महिने मी दुपारी ताट उचलतोय, भर उन्हात भजी मिळंनात, लग्नातनं उठवलंय मला, पँटच्या पट्ट्याला तीन नवी भोकं पाडलीत, आणि हा बाबा दिवे लावून भात खातोय! मी लालेलाल. पण त्रिशलाकडं बघितलं आणि माझा राग जागच्या जागी बसला. ती रागावलीच नव्हती हो. ती एकदम लहान झाल्यासारखी दिसाय लागली. म्हणाली, "त्याला सांगा, सामान बांध." एवढंच. म्हंजे डिग्री बंद, पोरगं परत.

तिकडं तवा मध्यरात्र, म्हणून दुपारी एकपर्यंत थांबलो. दोघांची ताटं वाढलेली, दोघं बी हात लावंनात, ऐश्वर्यानं फोन भांड्याला टेकवून उभा केला. पोरगं झोपेतनं उठून केस विसकटलेलं. त्रिशलानं सरळ इचारलं, "फैजल कवा जेवतो रे?" "सूर्य मावळल्यावर." "आणि तू?" पोरगं केस सावराय लागलं. मी म्हटलं, बोल की! चक्क्या फिरवाय शिकतोयस, जीभ फिरव जरा! तवा बोललं ते.

म्हणालं, "आई, डिसेंबरात मी लॅबमध्ये चक्कर येऊन पडलो. सगळे आर यू ओके, आर यू ओके करत धावले. नर्सनं इचारलं, शेवटचं कधी खाल्लंस? मी म्हटलं, काल. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय ह्या पोराला जगात कोणीच न्हाय. मला लई लाज वाटली आई, तुमची लाज न्हाय, तुम्ही पोराला उपाशी टाकलंय असं कोणी समजलं ह्याची. तुला सांगितलं तर तू परत बोलवणार, म्हणून दादासो काकांना फोन केला."

दादासोला! बघा, म्हंजे मला न्हाय, त्या लाडूखाऊला! आणि दादासोनं निकाल दिला म्हणे, "लेका, सूर्य काय गावोगावचे वेगळे असतात व्हय? आपल्या गावचा सूर्य सहाला मावळतो, तू तिकडं घड्याळात सहापर्यंत जेव. घरचा सूर्य धर." आणि पोरगं म्हणतंय, "मी सहाच्या पुढं एक घास घेतला न्हाय आई, फैजलबरोबर बी न्हाय. तुम्ही पाचच्या पुढं जेवता, मी बी पाचच्या पुढं बसायचो. मला वाटायचं, तुमच्याच पंगतीत बसलोय."

आमच्या पंगतीत! अहो, आमची पंगत अडीचला उठलेली असायची! मी असा तोंड उघडून बसलोय, तेवढ्यात ऐश्वर्यानं फोन उचलून माझ्या पोटावर धरला, "दादा, तुझा सूर्य आम्ही धरलाय. अप्पांची पँट बघ." झालं. पोराला कळंना, मग कळलं, आणि मग असं एवढं दाढीवालं पोरगं हुंदके देऊन रडाय लागलं. तिकडं ते रडतंय, हिकडं त्रिशला रडतीया, "पडलास आणि आईला सांगितलं न्हायस? डोकं कुठं आपटलं? बघू, कॅमेऱ्यासमोर डोकं कर." आणि मी... मी बी रडलो हो. काय लपवायचं! आपलं पोरगं परक्या गावात फरशीवर पडलं आणि आपण हितं लाडवासाठी जीव टाकत होतो, हे काय बरं वाटतंय व्हय बापाला?

पण खरं सांगतो, त्यातबी पोटातलं एक उपाशी माणूस म्हणत होतं, बोलव परत! एकदा पोरगं आलं की दोघं मिळून पोटभर जेवू, पवनचक्क्या गेल्या समुद्रात! आणि मग मीच म्हणालो, मला कळायच्या आत म्हणालो, "त्रिशला, पोराला ऱ्हाऊ दे. त्यानं चोरी केलेली न्हाय. आपल्याच घराचा सूर्य धरून बसलंय ते." तिनं माझ्यापुढचं ताट सरळ केलं. मग डोळे पुसले आणि फोनला म्हणाली, "सहापर्यंत जेव. सहा म्हंजे सहा. आणि परत पडलास आणि लपवलंस तर मी स्वतः विमानात बसून येईन." तीस वर्षांत पहिल्यांदा, पावणं, तिनं दिलेला शब्द माघारी घेतला.

मला एवढा आनंद झाला! पोराचं शिक्षण वाचलं, आणि त्याच्याबरोबर मी बी सुटलो! संध्याकाळी पाचला हातपाय धुऊन पाटावर जाऊन बसलो, म्हटलं, वाढ. ही म्हणाली, "काय?" मी म्हटलं, भाकरी! म्हणाली, "त्याची सुटका झाली. आपली कुठं झालीया? आपण आपल्या मनानं धरलंय ते, त्याची परीक्षा होईपर्यंत पाळायचं." मी म्हटलं, अगं, ज्याच्यासाठी धरलं ते तिकडं भात खातंय! म्हणाली, "मग त्याच्यासाठी धरलंय म्हणून बघू नका, आपल्यासाठी धरलंय म्हणून बघा." कसं बघू? पोट तेच हाय की! सांगा तुम्ही, पोरगं शिकाय गेलंय परदेशात, ते तिकडं अॅडजस्ट झालं बी, आणि मी अजून करतोय!

दुसऱ्या दिवशी दादासोला बस्तीच्या दारातच गाठला. म्हटलं, माझ्या पोराला सूर्य वाटतोस आणि मला सांगत न्हायस? मुरगूडला माझ्या डोळ्यादेखत लाडू खात होतास! तर काय म्हणावं त्यानं? "तू इचारलंस कुठं? इचारलं असतंस तर तुला बी दिला असता." आता ह्याला काय मारू?

बरं, मी बी हार मानली न्हाय. मी म्हटलं, थांब, उन्हाळा येऊ दे. कारण उन्हाळ्यात तिकडं उलटं! आता बघा, ह्या महिन्यात तिकडं सूर्य रात्री दहाला मावळतोय. दहाला! मी गेल्या सोमवारी नवी पँट घालून, दाढी करून, कोर्टात दावा जिंकलेल्या माणसासारखा स्वयंपाकघरात गेलो आणि म्हटलं, "त्रिशला, धरलेलं मोडायचं न्हाय, तूच म्हणालीस न्हवं? स्कॉटलंडात दहाला मावळतोय. मला सव्वानऊपर्यंत जेवाय मुभा हाय. आज नऊला पिठलं कर." ती डाळ निवडत होती, तिनं मान बी वर केली न्हाय. म्हणाली, "आपला सातला मावळतो. डोळ्यांनी दिसतंय की मावळलेला. अंधारात बसून जेवणार?" मी म्हटलं, अगं, डिसेंबरात डोळ्यांना ऊन दिसत होतं, तवा न्हाय चाललं! म्हणाली, "तवाची गोष्ट वेगळी." वेगळी म्हंजे? म्हणाली, "अहो, नियम म्हंजे सोय न्हवं." म्हंजे हिवाळ्यात सूर्य स्कॉटलंडचा, उन्हाळ्यात सूर्य कोल्हापूरचा! जगात जो सूर्य आधी मावळंल तो आमच्या घरचा! ह्याच्यावर अपील कुठं करायचं सांगा?

मी म्हटलं, असू दे. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न हाय, पोराचं संपतंय, पोरगं येतंय, मग सगळे आपापल्या गावच्या सूर्यावर. असं मनाला समजावून परवा निवांत घरात बसलोतो, तर ऐश्वर्या पेढ्याचा बॉक्स घेऊन नाचत आली. "अप्पा, मला बी मिळालं अॅडमिशन! फॉरेनला! दादाच्याच लाईनीत!" आता दुसरा बाप असता तर त्यानं काय इचारलं असतं? खर्च किती, हॉस्टेल कसं, पोरीची जात, परका मुलूख. मी इचारलं, "सूर्य कवा मावळतो?" म्हणाली, "अप्पा, नॉर्वे हाय, पार वरच्या टोकाला, उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळतच न्हाय!" मी उडालो! पोरीला मिठी मारली, म्हटलं, लेकी, नाव काढलंस! मग जरा शुद्धीवर आलो आणि इचारलं, "आणि हिवाळ्यात?"

पोरगी खाली बघाय लागली. "हिवाळ्यात... उगवत न्हाय अप्पा. जवळजवळ दोन महिने."

त्रिशला पेढा न खाताच आत गेली आणि तवापासनं मोबाईल काढून बसलीया. काय शोधतीया, मी इचारलेलं न्हाय. घ्या पावणं, तुम्ही पेढा घ्या. मी? मी घेतो की! आणा हिकडं, दोन द्या... चार द्या. अजून ऊन हाय, आणि नोव्हेंबर यायच्या आत जेवढं पोटात जाईल तेवढं घालून घ्यायचं ठरवलंय मी.